कॅनडाचा मानवी अवकाशप्रवासातील सहभाग

स्वतःचा मोठा प्रक्षेपक अग्निबाण किंवा मानववाही अवकाशयान जवळ नसताना, इतर राष्ट्रांशी केलेल्या करारांच्या आधारे मानवी अवकाशप्रवासात महत्त्वाचे स्थान मिळविणाऱ्या राष्ट्रांत कॅनडाची गणना प्रथम करावी लागते. या राष्ट्राचे कार्य मुख्यत्वे तीन प्रकारचे आहे : (१) अवकाशात काम करणारे यांत्रिक बाहू व तत्सम यंत्रे तयार करणे, (२) अवकाशवीरांना शिक्षण देऊन अमेरिकेच्या व रशियाच्या यानांतून पाठविणे आणि (३) वजनरहित अवस्थेचे मानवी शरीरावर होणारे परिणाम अभ्यासणे. यांपैकी पहिल्या प्रकारचे कार्य सर्वांत महत्त्वाचे असून दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्या कार्याची संधी त्यामुळेच उपलब्ध झाली.

पूर्वपीठिका : उड्डाणातील शारीरिक ताणाच्या अभ्यासाची परंपरा कॅनडात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून आहे. टोराँटो विद्यापीठातील विल्बर फ्रँक्स यांनी वेगाने वळणाऱ्या विमानातील वैमानिकाची शुद्ध हरपू नये म्हणून द्रवाने भरलेला पोशाख तयार केला व तो १९४२ मध्ये प्रत्यक्ष वापरात आला. शरीराच्या खालच्या भागात रक्त साचू न देण्याचे त्यामागील तत्त्व पुढे वैमानिकांच्या व अवकाशवीरांच्या पोशाखांतही उपयोगी पडले.

कॅनडाचा बराच भूभाग उत्तर ध्रुवाजवळ असल्यामुळे तेथील रेडिओ संदेशवहनात आयनांबरातील खळबळींचा फार व्यत्यय येतो. या थराचा वरून अभ्यास करण्यासाठी जॉन एच्. चॅपमन (१९२१–७९) यांच्या नेतृत्वाखाली ‘अलूएट–१’ हा उपग्रह तयार करण्यात आला. २९ सप्टेंबर १९६२ रोजी अमेरिकेच्या अग्निबाणाने कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग येथून तो कक्षेत सोडला. रशिया व अमेरिका यांखेरीज अन्य राष्ट्राने स्वतः अभिकल्प करून बांधलेला हा पहिला उपग्रह होय. उपग्रह आपला, अग्निबाण मित्रराष्ट्राचा, ही पुढील सर्व सहकार्याची रीत येथेच पडली. या उपग्रहासाठी जॉर्ज क्लाइन (१९०४–९२) यांच्या कल्पनेवर आधारलेला आकाशक (अँटेना) वापरला होता. पोलादाची पातळ पट्टी मोजपट्टीप्रमाणे गुंडाळून ठेवायची व कक्षेत पोहोचल्यावर ती उलगडली की आपोआप नळीचा आकार घेते, अशी ही योजना होती. अलूएटच्या दोन आकाशकांपैकी मोठ्याची टोकापासून टोकापर्यंतची लांबी सु. ४५ मी. होती. याच पद्धतीचे आकाशक अमेरिकेच्या जेमिनी मालिकेतील मानववाही यानांतही बसविण्यात आले.

ॲव्ह्रो ॲरो व अमेरिकेस गेलेले अभियंते : टोराँटोजवळील ॲव्ह्रो कॅनडा या कंपनीने ‘ॲरो’ नावाचे ध्वनीहून वेगवान असे लढाऊ विमान तयार केले होते. त्याचे पहिले उड्डाण २५ मार्च १९५८ रोजी झाले. तथापि वाढता खर्च व बदललेली संरक्षणनीती यांमुळे कॅनडाच्या शासनाने २० फेब्रुवारी १९५९ रोजी हा कार्यक्रम एकाएकी रद्द केला. कंपनीतील सु. १४,००० लोकांची नोकरी त्यामुळे गेली. ही घटना कॅनडात आजही एक राष्ट्रीय आपत्ती मानली जाते. तिचा लाभ मात्र अमेरिकेला मिळाला. नुकत्याच स्थापन झालेल्या नॅशनल एरॉनॉटिक्स अँड स्पेस ॲडमिनिस्ट्रेशन (नासा) या संस्थेने आपल्या मानवी उड्डाणांच्या गटासाठी ॲव्ह्रोमधील तीसपेक्षा अधिक अभियंते निवडून घेतले. त्यांत जन्माने कॅनडियन तसेच ब्रिटनमधून कॅनडात आलेले असे दोन्ही प्रकारचे तज्ञ होते.

त्यांपैकी जेम्स चेंबरलिन (१९१५–८१) यांच्याकडे जेमिनी यानाच्या अभिकल्पाची प्रमुख जबाबदारी होती. चंद्रावर संपूर्ण यान न उतरविता मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवावे व लहान यानाने उतरून परत येऊन त्याला मिळावे, या योजनेचा त्यांनी प्रारंभीच्या काळात पाठपुरावा केला. ओएन मेनार्ड यांनी चांद्र अवतरण यानाच्या प्रारंभिक रचनेवर काम केले, तर ब्रायन अर्ब यांनी यानाच्या उष्णतारोधक कवचाच्या अभ्यासात भाग घेतला. क्वेबेक प्रांतातील लाँगेय येथील एरू या कंपनीने चांद्र अवतरण यानाचे पाय तयार केले. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्याचे यान कॅनडात बनलेल्या पायांवर उभे होते. या सर्व कार्यात कॅनडियन माणसे व कारखाने असले, तरी कॅनडा हे राष्ट्र म्हणून त्यात सहभागी नव्हते. व्यक्तींच्या कौशल्याचा लाभ परराष्ट्राला होतो आणि राष्ट्राच्या हाती काही उरत नाही, हा अनुभव पुढील धोरणाच्या दृष्टीने बोधप्रद ठरला.

स्पेस शटल कार्यक्रमातील प्रवेश : अपोलोनंतरच्या कार्यक्रमात इतर राष्ट्रांनी भाग घ्यावा, असे नासाने १९६९ मध्ये सुचविले. पश्चिम यूरोपीय राष्ट्रांनी स्पेस शटलमध्ये (पुनःपुन्हा वापरता येणाऱ्या अवकाशयानात) बसविण्याच्या ‘स्पेसलॅब’ या प्रयोगशाळेचे काम अंगावर घेतले. कॅनडाने यानातील माल बाहेर काढून कक्षेत सोडण्यासाठी व कक्षेतील उपग्रह पकडून आत आणण्यासाठी लागणारा यांत्रिक बाहू निवडला. ही निवड यदृच्छेने झाली नव्हती. कॅनडाच्या कँडू पद्धतीच्या अणुभट्ट्यांत इंधन भरण्यासाठी दूरनियंत्रित यंत्रे तयार करण्याचा अनुभव तेथील एका कंपनीला होता आणि याच कामामुळे नासाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. माणसाला जाता येत नाही अशा जागी यंत्राच्या हाताने काम करणे, हे अणुभट्टीतील व अवकाशातील प्रश्नांचे समान सूत्र होय.

कॅनडाची नॅशनल रिसर्च कौन्सिल व नासा यांच्यात १९७५ मध्ये करार झाला. पहिला बाहू कॅनडाने स्वखर्चाने तयार करून भेट द्यावा व नंतरचे बाहू नासाने विकत घ्यावेत, असे ठरले. स्पार एअरोस्पेस ही प्रमुख कंपनी व तिच्या जोडीस इतर कॅनडियन कंपन्या यांनी हे काम केले. पहिल्या बाहूसाठी सु. १० कोटी ८० लक्ष कॅनडियन डॉलर खर्च आला. १९८१ च्या प्रारंभी तो नासाच्या स्वाधीन करण्यात आला व ‘कॅनडार्म’ या नावाने प्रसिद्धी पावला.

कॅनडार्मची रचना व कार्य : या बाहूची रचना मानवी हातासारखी आहे. त्याची लांबी सु. १५ मी., व्यास ३८ सेंमी. व वस्तुमान सु. ४१० किग्रॅ. आहे. त्याला सहा सांधे असून त्यांपैकी दोन खांद्यात, एक कोपरात व तीन मनगटात आहेत. त्यामुळे बाहूचे टोक यानाच्या आसपासच्या कोणत्याही बिंदूवर, हव्या त्या दिशेस तोंड करून नेता येते. दोन सांध्यांमधील नळ्या कार्बन तंतू व रेझीन यांच्या संयुक्त द्रव्याच्या आहेत. प्रत्येक सांध्यात विद्युत् चलित्र व दंतचक्रांची जोडणी असते. उन्हात व पृथ्वीच्या छायेत तापमानात पडणाऱ्या फार मोठ्या फरकापासून बचाव व्हावा म्हणून संपूर्ण बाहूवर पांढरे निरोधक आवरण असते.

यानाच्या पाठीमागील खिडकीजवळ उभा राहून अवकाशवीर दोन हस्तनियंत्रकांनी बाहू चालवितो. एकाने टोकाचे स्थान बदलते, तर दुसऱ्याने त्याची दिशा बदलते. टोक एका सरळ रेषेत न्यावयाचे असेल, तर सहाही सांधे किती वेगाने वळले पाहिजेत याचे गणित संगणक करतो. कोपर व मनगट यांवरील कॅमेऱ्यांनी कामाची जागा दिसते. बाहू मोकळा असता त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सु. ६० सेंमी.पर्यंत, तर जड वस्तू धरलेली असता केवळ सु. ६ सेंमी.पर्यंत ठेवतात. वजनरहित अवस्थेत वस्तूला वजन नसले, तरी तिची निरूढी कायम असते. एकदा गती मिळालेली कित्येक टनांची वस्तू थांबविण्यास तितकीच प्रेरणा लावावी लागते. म्हणूनच ही सावधगिरी आवश्यक असते.

पकडण्याची यंत्रणा विशेष कल्पक आहे. बाहूच्या टोकाशी बोटे नसून एक पोकळ नळकांडे असते व त्यात तीन तारा बसविलेल्या असतात. पकडावयाच्या वस्तूवर एक खुंटी असते. ती नळकांड्यात शिरल्यावर आतील कडे फिरते, तारांचा फास खुंटीभोवती आवळला जातो व नंतर खुंटी आत ओढून घट्ट धरली जाते. वस्तू थोडी बाजूला असली वा सावकाश हलत असली, तरी तिला धक्का न लावता ती मध्यभागी येते, हा या योजनेचा मोठा गुण होय. चिमट्यासारख्या पकडीने वस्तू दूर ढकलली जाण्याचा जो धोका असतो, तो यात टळतो. हेच तत्त्व पुढील सर्व कॅनडियन बाहूंत वापरले गेले.

पृथ्वीवर या बाहूला स्वतःचे वजनही पेलत नाही. त्यामुळे हवेच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या आधारांच्या साहाय्याने सपाट फरशीवर त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. तिन्ही मितींतील हालचालींचा अभ्यास संगणकीय प्रतिरूपांवर करावा लागला. बाहू प्रत्यक्षात कसा वागेल याची खरी परीक्षा कक्षेतच व्हावयाची होती.

शटल उड्डाणांतील कामगिरी : १२ नोव्हेंबर १९८१ रोजी ‘कोलंबिया’ शटल दुसऱ्यांदा उडाले, तेव्हा त्यात हा बाहू होता. जो एंगल व रिचर्ड ट्रूली या अवकाशवीरांनी त्याच्या चाचण्या घेतल्या. एका इंधन घटात बिघाड झाल्याने पाच दिवसांचे उड्डाण दोन दिवसांत आटोपावे लागले. तरीही बाहू अपेक्षेप्रमाणे चालतो हे सिद्ध झाले. एकूण पाच बाहू तयार करण्यात आले. त्यांपैकी एक २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’च्या अपघातात नष्ट झाला. जुलै २०११ मध्ये शटलचे शेवटचे उड्डाण होईपर्यंत हा बाहू ९० उड्डाणांत वापरला गेला.

या काळात ज्या कामांसाठी तो बनविला होता त्यांहून वेगळी अनेक कामे त्याने केली. १९८४ मध्ये ‘डिस्कव्हरी’च्या बाहेरील बाजूस सांडपाण्याच्या नळीजवळ साचलेला बर्फाचा खडा त्याच्या टोकाने ठोकून काढण्यात आला. एप्रिल १९९० मध्ये हबल दूरदर्शक याच बाहूने कक्षेत सोडला. पुढे त्याच्या आरशातील दोष उघडकीस आल्यावर डिसेंबर १९९३ मध्ये त्याला पकडून यानात उभे करणे व दुरुस्ती करणाऱ्या अवकाशवीरांना बाहूच्या टोकावर उभे करून योग्य जागी नेणे, ही कामेही त्यानेच केली. नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात जन्मलेल्या अवकाशवीर कल्पना चावला यांनी ‘कोलंबिया’तून ‘स्पार्टन’ हा सौर वेध घेणारा उपग्रह या बाहूने बाहेर सोडला. उपग्रहाची यंत्रणा सुरू न झाल्याने तो पुन्हा पकडण्याचा प्रयत्न झाला, परंतु त्यात त्याला फिरकी मिळाली व अखेर दोन अवकाशवीरांनी बाहेर जाऊन तो हातांनी धरला. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेचा ‘युनिटी’ व रशियात बनलेला ‘झार्या’ हे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे पहिले दोन भाग एकमेकांना जोडताना कॅनडार्मचाच उपयोग करण्यात आला.

कॅनडियन अवकाशवीर : बाहूच्या यशानंतर नासाने कॅनडियन व्यक्तींना शटलमधून नेण्याची तयारी दर्शविली. नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९८३ मध्ये दिलेल्या जाहिरातीस ४,००० हून अधिक अर्ज आले व डिसेंबर १९८३ मध्ये सहाजणांची निवड झाली. त्यांपैकी नौदलातील अभियंते मार्क गार्नो (१९४९–२०२५) हे ५ ऑक्टोबर १९८४ रोजी ‘चॅलेंजर’मधून गेलेले पहिले कॅनडियन अवकाशवीर होत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारताचे राकेश शर्मा सोव्हिएट रशियाच्या ‘सोयूझ टी–११’ मधून गेले होते. शर्मा यांचे उड्डाण सोव्हिएट रशियाच्या मित्रराष्ट्रांसाठीच्या कार्यक्रमात अतिथी म्हणून झाले होते आणि नंतर भारतीय अवकाशवीरांचे उड्डाण दीर्घकाळ झाले नाही. कॅनडाने यानाचा एक आवश्यक भाग पुरविलेला असल्यामुळे त्याच्या अवकाशवीरांची मालिका मात्र पुढे चालू राहिली. ही तुलना दोन्ही सहकार्यांच्या स्वरूपांतील फरक स्पष्ट करते.

चेतासंस्थेच्या तज्ञ रॉबर्टा बाँडर या जानेवारी १९९२ मध्ये गेलेल्या पहिल्या कॅनडियन महिला अवकाशवीर होत. क्रिस हॅडफील्ड यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये रशियाच्या ‘मीर’ स्थानकाला जोडणी कक्ष बसविताना कॅनडार्म चालविला. कॅनडियन अवकाशवीराने तो अवकाशात चालविण्याची ही पहिलीच वेळ होती. मे १९९९ मध्ये ज्यूली पायेट या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात प्रवेश करणाऱ्या पहिल्या कॅनडियन ठरल्या. रॉबर्ट थर्स्क यांनी मे ते डिसेंबर २००९ या काळात स्थानकात सहा महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य केले. त्या वेळी प्रथमच सहाजणांचे पथक स्थानकात राहत होते व पाचही भागीदार संस्थांचे प्रतिनिधी एकत्र होते. मार्च २०१३ मध्ये हॅडफील्ड यांच्याकडे स्थानकाचे नेतृत्व आले. हा मान मिळविणारे ते पहिले कॅनडियन होत. दाव्हीद सँ-झाक यांचे २०१८-१९ मधील वास्तव्य २०४ दिवसांचे होते. १९८४ ते २०१९ या काळात कॅनडाचे नऊ शासकीय अवकाशवीर कक्षेत जाऊन आले.

या उड्डाणांतून वैद्यकीय संशोधनही पुष्कळ झाले. अंतर्कर्णातील समतोल राखणारी इंद्रिये वजनरहित अवस्थेत गोंधळून जातात व त्यामुळे अनेक अवकाशवीरांना पहिल्या काही दिवसांत मळमळ होते. या विकाराचा अभ्यास कॅनडियन शास्त्रज्ञांनी आरंभापासून केला. अस्थिमज्जेवरील परिणाम, रक्तवाहिन्यांतील बदल आणि अवकाशातील प्रारणाची मात्रा हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय आहेत. प्रारणातील न्यूट्रॉन मोजण्यासाठी पारदर्शक जेलीत बुडबुडे निर्माण होण्याच्या तत्त्वावरील कॅनडियन मापके वापरली जातात.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक : अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जानेवारी १९८४ मध्ये कायम वस्तीच्या अवकाश स्थानकाची घोषणा केली व मित्रराष्ट्रांना निमंत्रण दिले. कॅनडाने १९८६ मध्ये या स्थानकाची बांधणी व देखभाल करणारी यंत्रणा देण्याचे मान्य केले. देशातील विखुरलेले अवकाशकार्य एकत्र आणण्यासाठी १ मार्च १९८९ रोजी कॅनडियन स्पेस एजन्सी या संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्य कार्यालय माँट्रिऑलजवळ सँ-ह्यूबेर येथे आहे. १९९४ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे कॅनडाने आपला सहभाग पुष्कळ कमी करण्याचे ठरविले व अटींची फेरमांडणी करावी लागली. पुढे रशियाही योजनेत आला आणि २९ जानेवारी १९९८ रोजी वॉशिंग्टन येथे पंधरा राष्ट्रांनी नव्या करारावर सह्या केल्या. देणगीच्या मोबदल्यात कॅनडाला स्थानकाच्या अमेरिकी बाजूच्या संशोधनसुविधांचा २·३% वाटा मिळतो व अवकाशवीरांच्या पाळ्याही त्याच प्रमाणात ठरतात. त्यामुळेच हॅडफील्ड यांच्या २०१३ मधील परतीनंतर पुढील कॅनडियनाची पाळी येण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागला.

कॅनडाच्या यंत्रणेचे तीन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे ‘कॅनडार्म–२’. तो ‘एन्डेव्हर’ शटलमधून एप्रिल २००१ मध्ये नेण्यात आला व तो बसविताना हॅडफील्ड यांनी अवकाशात यानाबाहेर पाऊल टाकले. असे करणारे ते पहिले कॅनडियन होत. त्याच उड्डाणात नव्या बाहूने आपल्या पाळण्याची चौकट शटलच्या जुन्या बाहूच्या हाती दिली. नव्या बाहूची लांबी सु. १७ मी., वस्तुमान सु. १,५०० किग्रॅ. व सांधे सात आहेत. ११६ टन वस्तुमानाची वस्तू तो हाताळू शकतो. त्याची दोन्ही टोके सारखीच असून स्थानकावर ठिकठिकाणी बसविलेल्या खुंट्यांवर एक टोक रोवून दुसरे पुढे टाकीत तो सुरवंटाप्रमाणे चालू शकतो. कॅनडार्म प्रत्येक उड्डाणानंतर पृथ्वीवर परत येई व त्याची देखभाल जमिनीवर होई. कॅनडार्म–२ कायमचा कक्षेत राहणारा असल्याने त्याचे भाग तेथेच बदलता येतील अशी रचना केली आहे. जून २००२ मध्ये मनगटाचा एक सांधा व ऑक्टोबर २०१७ मध्ये एका टोकाची पकड याप्रमाणे बदलण्यात आली. मे २०२१ मध्ये अवकाशातील कचऱ्याच्या आघाताने त्याच्या नळीला लहान भोक पडल्याचे आढळले. तथापि त्याचे काम थांबले नाही.

दुसरा भाग म्हणजे रुळांवरून सरकणारा पाया. तो जून २००२ मध्ये बसविला. तिसरा भाग ‘डेक्स्टर’ हा दोन हातांचा यंत्रमानव असून तो मार्च २००८ मध्ये स्थानकावर पोहोचला. त्याच्या प्रत्येक हाताला सात सांधे आहेत. विद्युत् पेट्या, विद्युत् घट व कॅमेरे बदलणे यांसारखी कामे तो पृथ्वीवरील नियंत्रण केंद्रातून मिळणाऱ्या आज्ञांनुसार करतो. त्यामुळे अवकाशवीरांना जोखमीच्या बहिर्गमनांसाठी कमी वेळा जावे लागते.

स्थानकाचे अनेक मोठे भाग जोडण्याचे काम कॅनडार्म–२ ने केले. सप्टेंबर २००९ मध्ये जपानचे मालवाहू यान स्थानकाजवळ येऊन थांबले असता त्याने ते अलगद पकडले. अशा रीतीने मुक्तपणे तरंगणारे यान पकडण्याचा हा पहिला प्रसंग होता. मे २०१२ मध्ये खाजगी कंपनीचे ‘ड्रॅगन’ हे यानही त्याने याच पद्धतीने जोडून घेतले. शटलची उड्डाणे बंद झाल्यावर स्थानकाला होणारा अन्नाचा व सामग्रीचा बराच पुरवठा काही वर्षे या बाहूवर अवलंबून होता.

कोलंबिया अपघात व तपासणीचा प्रश्न : १६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’च्या प्रक्षेपणात बाह्य टाकीवरील फेसाळ आवरणाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. त्या उड्डाणास बाहूची आवश्यकता नसल्याने तो बसविलेला नव्हता. पंखाला भोक पडल्याचे कक्षेत असताना कळले नाही. १ फेब्रुवारी रोजी परतताना यान मोडून कल्पना चावला यांच्यासह सातही अवकाशवीर मृत्यू पावले. यानाचा संपूर्ण तळ पाहण्यास नुसत्या कॅनडार्मची लांबी पुरली नसती. म्हणून अपघातानंतर त्याच्याच धर्तीवर सु. १५ मी. लांबीचा, टोकास कॅमेरा व लेसर मापक असलेला जोडदांडा कॅनडात तयार करण्यात आला. जुलै २००५ मधील उड्डाणापासून शटलच्या उष्णतारोधक आवरणाची तपासणी कक्षेतच करणे हा नियम झाला. त्याच उड्डाणात स्टीफन रॉबिन्सन यांनी कॅनडार्म–२ च्या टोकावर उभे राहून ‘डिस्कव्हरी’च्या तळाखाली जाऊन फरशांमधून बाहेर आलेल्या दोन पट्ट्या हाताने ओढून काढल्या. ऑक्टोबर २००७ मध्ये स्थानकाचा एक सौर पंखा फाटला. तेव्हा हाच जोडदांडा कॅनडार्म–२ ला लावून त्यावरून स्कॉट पॅराझिन्स्की यांना तेथवर नेण्यात आले व त्यांनी तो शिवून काढला.

उद्योग व राष्ट्रीय हित : स्पार कंपनीचा यंत्रमानव विभाग १९९९ मध्ये मॅक्डोनल्ड डेटवाइलर (एमडीए) या कंपनीकडे गेला. २००८ मध्ये या कंपनीचा अवकाश विभाग सु. १३२ कोटी ५० लक्ष डॉलरना एका अमेरिकी कंपनीस विकण्याचे ठरले होते. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले हे ज्ञान परक्या हाती जाऊ नये, म्हणून कॅनडाच्या शासनाने ही विक्री रोखली. ॲरो प्रकरणात जे घडले त्याची पुनरावृत्ती टाळण्याचा हा निर्णय होता, असे म्हणता येईल. याच तंत्राचा उपयोग करून कॅल्गरी विद्यापीठात मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ‘न्यूरोआर्म’ हा यांत्रिक हात तयार करण्यात आला व २००८ मध्ये त्याच्या साहाय्याने मेंदूतील गाठ काढण्यात आली.

चंद्राकडील कार्यक्रम : फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅनडाने चंद्राभोवती फिरावयाच्या नियोजित ‘गेटवे’ स्थानकासाठी ‘कॅनडार्म–३’ देण्याचे जाहीर केले व अवकाशकार्यासाठी २४ वर्षांत सु. २ अब्ज कॅनडियन डॉलर खर्चाची योजना मांडली. सु. ८·५ मी. लांबीचा हा बाहू पृथ्वीपासून दूर असल्याने बरीचशी कामे स्वयंप्रेरणेने करील, अशी कल्पना होती. या मोबदल्यात २०२० च्या करारान्वये कॅनडाला चंद्राभोवती जाणाऱ्या ‘आर्टेमिस–२’ उड्डाणातील एक जागा देण्यात आली. ३ एप्रिल २०२३ रोजी त्या जागेसाठी जेरेमी हॅन्सन यांची निवड जाहीर झाली. चंद्राकडील उड्डाणासाठी अमेरिकेबाहेरील व्यक्ती नेमली जाण्याची ही पहिलीच वेळ होय. २०२५ मध्ये मात्र अमेरिकी शासनाच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात गेटवेचे काम बंद करण्याची सूचना आली. भागीदाराचे धोरण बदलले की आपले बांधलेले यंत्र कोठे बसवायचे, हाच प्रश्न कॅनडापुढे उभा राहतो हे त्यावरून दिसून आले.

मूल्यमापन : कॅनडाच्या धोरणाचे सार असे की, सर्व काही थोडे थोडे करण्याऐवजी ज्यावाचून इतरांचे अडेल असे एकच काम उत्तम रीतीने करावे. १९७५ मध्ये निवडलेल्या या एका कामातून त्याला अवकाशवीरांच्या जागा, स्थानकातील संशोधनाचा वाटा व चंद्राकडील उड्डाणात स्थान मिळाले. या मार्गाची मर्यादाही उघड आहे. उड्डाण केव्हा करावयाचे, कोठे जावयाचे व कार्यक्रम चालू ठेवावयाचा की नाही, हे निर्णय यानाचा मालक घेतो. चॅलेंजर व कोलंबिया यांच्या अपघातांनंतर उड्डाणे थांबली तेव्हा कॅनडाचे अवकाशवीरही थांबले. मोठ्या खर्चाची झेप शक्य नसलेल्या राष्ट्रांना सहकार्याच्या या पद्धतीपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र भागीदारीत दिलेला वाटा दुसऱ्या कोणालाही सहज भरून काढता येणार नाही इतका मोलाचा असला, तरच तिच्यात आपले स्थान टिकते, हे कॅनडाच्या या अर्धशतकाच्या अनुभवावरून स्पष्ट होते.